फोटोतली बंदूक

“डॅड, ती बंदूक भरलेली आहे का रे?”

हे विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी मला डिवचलं होतं. आमच्या गावात शाळेच्या प्रॉमच्या नाचाला न्यायला आलेल्या मुलाशेजारी मुलीचा बाप बंदूक घेऊन फोटोला उभा राहतो. मुलगा घाबरल्याचं सोंग करतो, सगळे हसतात. वेस्ली मला न्यायला आला होता, निळ्या झग्यात मी आधीच हवेत होते, म्हणून विचारलंच.

“रिकामी आहे गं. बापाला शिकवतेस होय?” म्हणत डॅडने नळी खाली केली आणि चाप ओढला.

वेस्लीचा बूट उरला नाही. बुटातला पायही नाही. माझा झगा गुडघ्यापर्यंत लाल झाला आणि वेस्ली माझं मनगट आवळून किंचाळत राहिला.

हॉस्पिटलात मॉम कुजबुजली, “शेरीफ येतायत जबाब घ्यायला. वेस्लीनेच बंदूक हिसकावली म्हणून सांग, राणी.”

“नाहीतर कोर्ट माझ्या सगळ्या बंदुका कायमच्या काढून घेईल,” डॅड म्हणाला. त्याला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.



“मग जाऊ देत, डॅड. मी शेरीफना खरं तेच सांगणार आहे.”