अण्णांच्या राण्या

“थांब! उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस,” श्रेणिकअण्णा ओरडले. “हाताला हळद हाय तुझ्या. माझ्या राण्या मरतील.”

त्यांचा मुलगा अतिशय उंबऱ्यावरच थांबला. हाताला हळद असणारच. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं दुकान होतं, आणि आज तो तिथं आयुष्यात पहिल्यांदा एकटा बसून आला होता.

“अण्णा, चाळीस वर्षं तुमच्या हाताला हळदच हुती की.”

“म्हणून तर चाळीस वर्षांत एक मुंगी पाळता आली न्हाई.”

प्रकरण तीन दिवसांपूर्वीचं. संध्याकाळी जरा उघडीप मिळाली आणि अंगणातल्या दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमल्या. अण्णांनी मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहिला होता. पंख गाळून भिंतीकडेनं फिरणाऱ्या चार टपोऱ्या राण्या त्यांनी औषधाच्या बाटलीत धरल्या. मग काचेच्या चार नळ्या आल्या. प्रत्येकीत तळाला पाणी, त्यावर कापूस, मग राणी, तोंडाला पुन्हा कापूस. नळ्या काळ्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या खणात. तिथं अंधारात राणी अंडी घालणार, कामकरी मुंग्या निघणार, वारूळ उभं राहणार. तोवर धक्का नको, उजेड नको आणि हळदीचा वास तर मुळीच नको. मुंग्यांना हळद सोसत नाही हे घरोघरी ठाऊक असतं. अण्णांना ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी आठवलं.

सबब, अण्णांचं दुकानात येणं बंद.

आईनं, म्हणजे त्रिशलाबाईंनी, पहिल्या दिवशी घर डोक्यावर घेतलं होतं. “चातुर्मास तोंडावर आला आणि जीव कोंडून ठेवताय? आवं, कुठं फेडाल हे पाप?” दुसऱ्या दिवशीही तेच. आज तिसऱ्या दिवशी मात्र ती गप्प होती, वाटाणे सोलत होती. अतिशयचा शेवटचा आधार गेला.

कारण अडचण त्याची होती. बत्तीस वर्षांचा, इंजिनिअर झालेला अतिशय सौद्यात अण्णांच्या शेजारी बसायचा आणि हळदीकडे नव्हे, अण्णांच्या भुवईकडे बघायचा. भुवई वर गेली की माल घ्यायचा, जागच्या जागी राहिली की सोडायचा. भुवईच घरी बसल्यावर ही विद्या कामाची नव्हती.

पहिल्याच आठवड्यात कुंडलच्या बागायतदार लालासाहेबांनी त्याच्या गळ्यात पॉलिश केलेली हळद मारली. बाहेरून सोनं. नंतर मोडून बघितली तर आतून कच्ची, पांढरट. यार्डभर हसं झालं.

“गड्या,” शेजारचा व्यापारी धनाजी म्हणाला, “नवरदेवाला लावायची हळद कुणी मोडून बघत न्हाई. पर हितं बघत्यात.”

अतिशयनं घरी येऊन अण्णांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. “एक दिवस चला. निदान शनिवारच्या सौद्याला.”

“राण्यांनी अंडी घातली न्हाईत अजून. मी हललो तर मन लागंल का त्यांचं?”

“दाखवा तरी.”

अण्णांनी टॉर्चला लाल कागद लावला, फडकं बोटभर सरकवलं आणि हातभर लांबून दाखवलं. कापसाशी एक काळा ठिपका.

“हलत न्हाई की.”

“राणी हाय ती. राण्या कशाला हलतील? हलायला कामकरी असत्यात. आपल्या घरात बघ की.”

दुसऱ्या दिवशी अतिशय दुपारी घरी आला. अण्णा मंदिरात गेले होते. त्याच्या खिशात हळदीची पुडी होती. ती आपोआप आली, असं तो पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होता. पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या घरातला मुलगा. त्यानं खण उघडला. फडक्याला हात लावायचं धाडस झालं नाही. डोळे मिटून चिमूटभर हळद टाकली आणि खण लावला. राण्या गेल्या की सोमवारी अण्णा गादीवर.

दिवस मावळायच्या आत पानं वाढली. अतिशयनं पहिला घास उचलला. तेवढ्यात आतून अण्णांची आरोळी आली, “अतिशय! अंडी! चारी नळ्यांत अंडी!”

जैनाच्या घरातून ऐन जेवणाच्या वेळी अशी आरोळी आल्यावर शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. अतिशयला मात्र भरून आलं. चार जीव वाचले होते. आणि त्याच घासाला त्याला कळलं, की अण्णा आता दिवाळीपर्यंत काही येत नाहीत.

मग दुसरा इलाज नव्हता. तो हळद मोडायला लागला. चावायला लागला. हळकुंडावर हळकुंड आपटून आवाज ऐकायला लागला. पोत्याच्या तोंडचा माल सोडून तळाची मूठ काढायला लागला. दात पिवळे, जीभ पिवळी. चुकला, मग कमी चुकला. भाद्रपदात लालासाहेबांचा माल पुन्हा आला, तेव्हा त्यानं तळातलं एकच हळकुंड मोडलं आणि पोतं बांधून परत न्यायला सांगितलं.

“आयला,” लालासाहेब म्हणाले, “ही भुवई कुणाची रं?”

दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात ज्याचा अपराध केला, त्याच्यापुढं हात जोडून क्षमा मागायची. अपराध पोटात ठेवून मागितलेली क्षमा काही पोचत नाही. अतिशय सकाळीच अण्णांसमोर उभा राहिला.

“उत्तम क्षमा, अण्णा. आषाढात खणात हळद मी टाकली. तुमच्या राण्या मराव्यात म्हणून.”

“ठाऊक हाय. खण पिवळा झाला हुता.” अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, मग तो काढून स्वतःच हात जोडले. “उत्तम क्षमा, पोरा. राण्या मी धरल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिंबाखाली सोडल्या. नळ्यांत कारळं हायत, चटणीची.”

अतिशय आईकडे वळला. तिचेही हात जोडलेलेच होते.

“मलाबी क्षमा कर, बाबा,” आई म्हणाली. “अंडी मी घातली. खसखस हुती.”