बारावा महिना

पापी माणसाचा न्याय देवाघरी पुरे बारा महिने चालतो, म्हणून ज्यू मुलगा मेलेल्या बापासाठी कद्दीशची प्रार्थना अकराच महिने म्हणतो. बारा महिने म्हणणं म्हणजे बापाला पापी ठरवणं. ब्रायनाच्या नवऱ्याने मात्र जाताना मुलाला बजावलं होतं, "आन्शेल, माझ्यासाठी पुरे बारा म्हण. मी मला ओळखतो."

अकरा महिने सरले आणि दुसऱ्या सकाळी सिनेगॉगमध्ये कद्दीशला आन्शेल उठलाच नाही. वर बायकांच्या सज्जातून ब्रायनाने ते पाहिलं. बाहेर पडताच तिने त्याला गाठलं.

"बापाचा शेवटचा शब्द होता रे तो. सकाळी उठायचा कंटाळा आला का?"

"आई, आजवर त्यांचं सगळं ऐकलं, हे नाही ऐकणार," आन्शेल म्हणाला. "खरा पापी कधी स्वतःहून बारा महिने मागून घेतो का?"