पायाचं माप

“‘...आणि आई, इथे आम्हाला कशाची ददात नाही. रोज मांस, खरी कॉफी, पायात नवे जोडे. उत्तरेचे यांकी आमच्या नुसत्या आरोळीने पळतात. बाबा आले तर त्यांना आमच्याच तुकडीत घेऊ, असं कॅप्टनसाहेब म्हणतात.’”

ट्रिपलेटने पत्र एका दमात वाचून संपवलं आणि चष्म्यावरून समोरच्या नवरा-बायकोकडे पाहिलं.

कॅरोलायनाच्या डोंगरातल्या त्या खोऱ्यात टपाल आणि किराणा एकाच फळीवरून मिळायचं आणि दोन्हींचा मालक ट्रिपलेट. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण लढाईच्या तिसऱ्या वर्षी त्याच्याकडे मीठ नव्हतं, कॉफी म्हणून तो राय नावाचं धान्य भाजून विकत होता, देशभक्ती मात्र मागाल तितकी मिळत होती. फौजेसाठी माणसं जमवायचं कामही त्याच्याचकडे. दुसऱ्यांना धाडत राहिलं की स्वतःला घरी बसायला मिळतं, असं बाया झऱ्यावर कपडे धुताना म्हणत. त्या खोटं बोलत नसाव्यात.

ईनॉसच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वय एक्कावन्न, त्याच्यावर सक्ती नव्हती. पण एकुलता एक पोरगा व्हर्जिनियात लढतोय आणि आपण इथे लोकांचे जोडे शिवत बसलोय, हे त्याला दोन वर्षं खात होतं. भरतीचा कागद फळीवर तयारच होता. फुली मारायची, की सोमवारच्या गाडीने रवाना.

“आणा ती लेखणी,” तो म्हणाला.

“थांब,” केझाया म्हणाली. वाचता तिलाही येत नव्हतं. पत्र चालू असताना ती कागदाकडे नाही, ट्रिपलेटच्या तोंडाकडे बघत होती. “ट्रिपलेटसाहेब, तुम्ही फार छान वाचता.”

“सवय आहे, बाई.”

“शाळेचे मास्तर इथे होते तेव्हा आमच्या एसाचं पत्र वाचताना घामाघूम व्हायचे. शब्दाशब्दाला अडायचे. माझा पोरगा दोनच हिवाळे शाळेत गेलाय. तुम्ही एकदासुद्धा अडला नाहीत.”

“फौजेत शिकतात पोरं. अक्षर सुधारलंय त्याचं.”

“दाखवा बघू.”

“तुला काय कळणार आहे त्यातलं?”

हे खरंच होतं. केझायाचा चेहरा उतरला.

“पुरे झालं,” ईनॉस ओशाळून म्हणाला. “तू ताकसुद्धा फुंकून पितेस.”

“ताक यांच्या दुकानातलं असेल तर फुंकावंच.”

ट्रिपलेट हसला. वाद मिटवावा म्हणून त्याने पाकिटातला दुसरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. “हे घे. मोज्यांचं माप पाठवलंय त्याने. जा, विणायला बस.”

खोऱ्यातली सगळीच पोरं असं करत. कागदावर अनवाणी पाय ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची आणि घरी पाठवायचं. आई त्यावरून मोजे विणायची. एसाने कुठल्यातरी भिंतीवर चिकटवलेला फुलाफुलांचा कागद फाडून घेतला होता. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याचा उजवा पाय होता.

केझाया बराच वेळ बघत राहिली. मग तो कागद झोळीत न टाकता तिने नवऱ्यापुढे ठेवला.

“अक्षर मला येत नाही, तुलाही येत नाही. पण हे तर तुझ्या धंद्यातलं आहे. वाच.”

ईनॉसने कागद उजेडात धरला. तीस वर्षं तो पायच बघत आला होता. रेघेवरून त्याचा अंगठा टाचेपासून हळूहळू पुढे सरकला आणि चवड्यापाशी थांबला.

“जोडे नवे आहेत म्हणालात?”

“असं लिहिलंय.”

“हा पाय चार-पाच महिने जोड्यात गेलेला नाही. पसरलाय, बघा. जाताना मीच त्याचे जोडे शिवले होते. एवढा रुंद नव्हता.”

ईनॉसचा अंगठा परत निघाला. मोठं बोट, त्याच्या शेजारचं, मधलं. तिथून रेघ सरळ खाली उतरत होती. ईनॉसने कागद जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

“एक, दोन, तीन,” केझायाने मोजलं.

“घाईत काढलं असेल पोराने,” ट्रिपलेट म्हणाला. “थंडीत हात चालत नाही.”

“घाईत रेघ वाकडी होते, साहेब,” ईनॉस म्हणाला. “बोटं कमी होत नाहीत.”

भरतीच्या कागदापाशी पडलेली लेखणी त्याने दौतीत ठेवली. केझाया उठून दाराशी गेली, कडी लावली आणि परत येऊन पत्र ट्रिपलेटसमोर उलगडून ठेवलं.

“आता वाचा. पहिल्यापासून. माझ्या पोराने लिहिलंय तसं.”

ट्रिपलेटने चष्मा पुसला. दाराकडे पाहिलं. ईनॉस तिथे जाऊन दाराला पाठ लावून उभा राहिला होता. शेवटी ट्रिपलेटने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आता तो शब्दाशब्दाला अडत होता.

“‘आई... काही झालं तरी... बाबांना... इकडे...’”

तो थांबला.

“पुढे,” ईनॉस म्हणाला.