बुडालेला हापसा

नांदेडात गोदावरीचं पाणी शिरल्याला तिसरा दिवस होता. शिवकांता तापानं फणफणलेल्या सासूला घेऊन गच्चीवर बसली होती. नवरा लातूरला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कामाला, आणि रस्ते तुटलेले. प्यायचं पाणी काल सकाळीच संपलं होतं.

बसल्या बसल्या तिचे डोळे मिटत होते. एवढ्यात खालून हापशाची करकर ऐकू आली. दुष्काळात ज्या हापशासाठी सारी गल्ली भांडली, तो आता दोन पुरुष पाण्याखाली होता. तरी दांडा कुणीतरी सावकाश ओढत होतं.

"कोन पानी भरून राहिलंय गं?" कमलम्मांनी डोळे न उघडताच सुनेला विचारलं.

"कुनी न्हाई, आत्याबाई. पडून ऱ्हावा."

करकर थांबली. शिवकांता जिन्यापाशी गेली. गढूळ पाण्याच्या लगेच वरच्या पायरीवर घागर होती, काठोकाठ भरलेली. आतलं पाणी नितळ.

घाबरायलाही अंगात बळ लागतं. ते तिच्यात उरलं नव्हतं. तिनं घागर उचलून आणली. सासू प्याल्या, तीही प्याली. उरलेल्या पाण्यानं दुपारपर्यंत सासूच्या कपाळावर घड्या ठेवल्या.

"लई गोड हाय," कमलम्मा म्हणाल्या. "तिला म्हन, अजून एक आन."

"कोनाला, आत्याबाई?"

सासूंना पुन्हा ग्लानी आली होती. शिवकांता कशीबशी उठली, रिकामी घागर त्याच पायरीवर ठेवली आणि माघारी फिरली. दोन पावलं टाकते तोच करकर सुरू झाली.

तिनं वळून पाहिलं. पायरीवर घागर नव्हती.