बाराव्या हातमोज्याचा अंगठा

बाराव्या हातमोज्याचा अंगठा तेवढा राहिला होता आणि झेल्मा तो विणत नव्हती. अंगठ्याच्या जागचे सोळा टाके तिनं पांढऱ्या दोऱ्यावर अडकवून ठेवले होते, तेही नाताळच्या आधीपासून. रोज दुपारी ती हातमोजा मांडीवर घ्यायची, उलटसुलट करून पाहायची आणि परत टोपलीत ठेवायची.

शेजारची वालिया दूध घेऊन आली. बर्फानं भरलेले बूट दारात काढून ती चुलीपाशी टेकते न टेकते, तोच तिची नजर टोपलीत गेली.

"अगं बाई, अजून तिथंच? माझ्या वेळी मी पंधरा दिवसांत सहा जोड उरकले. चार उचलणाऱ्यांचे, दोन खणणाऱ्यांचे."

"हळू बोल," झेल्मा म्हणाली. घरात ऊब फक्त स्वयंपाकघरात होती, म्हणून तिच्या आजारी नवऱ्याचा, ओस्वाल्डचा पलंग तिथंच आणून टाकला होता. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

त्या गावात माणूस गेला की त्याची शवपेटी उचलणाऱ्यांना आणि खड्डा खणणाऱ्यांना घरच्या नक्षीचे हातमोजे द्यावे लागतात. घरात मढं असताना विणायला सवड कुणाला? म्हणून बायका आधीच विणून ठेवतात आणि विचारलं तर रिगा शहरातल्या बाजारासाठी आहेत म्हणून सांगतात. विकतचे दिले तर तोंडावर कुणी काही म्हणत नाही, पण पाठीमागे वर्षभर बोलतात. झेल्मानंही नवऱ्याला बाजाराचंच सांगितलं होतं.

"झोपलाय तो," वालिया म्हणाली. "बरं, हा झाला की पुढे काय घेतेस? मी नातीची टोपी घेतलीय."

"बघू."

"बघू काय? अर्धा हिवाळा पडलाय अजून. रिकाम्या हातांनी बसलीस तर खुळी होशील."

दुधाचं रिकामं भांडं उचलून वालिया गेली. मनानं वाईट नव्हती ती, पण तिच्या जिभेला हाड नव्हतं.

डॉक्टर म्हणाला होता, ओस्वाल्डला नाताळ दिसायचा नाही. नाताळ गेला, जानेवारीही सरत आला. असल्या समजुतींना झेल्मा जन्मभर हसत आली होती, पण या सोळा टाक्यांनीच नवऱ्याला अडवून धरलंय हे तिच्या मनानं आता पक्कं घेतलं होतं. तो उशीचा कोपरा दातांत धरून कण्हायचा, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटायची. तरीही ती सुयांना हात लावत नव्हती.

"दे इकडे," ओस्वाल्ड म्हणाला.

तो झोपलेला नव्हता. तिनं हातमोजा दिला. त्यानं तो चढवला, तेव्हा भोकातून त्याचा पिवळा, हाडाळ अंगठा बाहेर आला.

"हा कुणाला?"

"बाजारात..."

"झेल्मा."

"विलिसला," ती म्हणाली.

"लाकडाच्या गिरणीतल्या विलिसला? अगं, त्याचे पंजे फावड्याएवढे! ह्यात त्याची चार बोटंसुद्धा मावायची नाहीत. मला अर्ध्या वाटेत खाली टाकेल तो."

झेल्माला हसू फुटलं. ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिनं एप्रनमध्ये तोंड लपवलं.

"हा एडगरला दे, उचलणाऱ्यांत त्याचेच हात लहान," तो शांतपणे म्हणाला. "खणणाऱ्यांचे जाड विणलेत ना, त्यातला मोठा जोड विलिसला. आणि अंगठा पुरा कर."

"लाल लोकर संपलीय."

"तुझ्या पायाशी आहे."

"उद्या करते."

"उद्या उद्या करत दीड महिना काढलास. मला सोसवत नाही गं आता."

तिनं सोळा टाके सुयांवर घेतले. तो तिच्याकडे कूस वळवून पाहत राहिला. अंगठा म्हणजे तासाभराचं काम. तिनं तो सावकाश विणला, एकदा मुद्दाम चूक करून दोन ओळी उसवल्या. शेवटी लोकर कापून तिनं टाके ओढून घेतले, दोऱ्याचं टोक आत लपवलं आणि हातमोजा जोडीतल्या दुसऱ्यावर ठेवला.

ओस्वाल्डनं छातीवर हात घेतले आणि डोळे मिटले. झेल्मा त्याच्या पांघरुणाकडे पाहत बसली. ते वर होत होतं, खाली होत होतं. चुलीतलं लाकूड जळून गेलं, तिनं दुसरं घातलं. तेही जळत आलं.

मग त्यानं एक डोळा उघडला.

"अजून इथंच आहे की मी," तो म्हणाला. बस चुकलेला माणूस वैतागतो, तसा.

झेल्माला इतका आनंद झाला की तिला तो लपवता येईना. ती उठली आणि पेटीतून करड्या लोकरीचं अख्खं पोतं ओढत घेऊन आली. तीन वर्षं ती लोकर तशीच पडून होती.

"पांघरूण विणायला घेते," ती म्हणाली. "मोठ्या पलंगाचं. मधे तारे, कडेनं नक्षी." बोलता बोलताच ती टाके घालू लागली. साठ झाले, शंभर झाले, तिचे हात थांबेनात.

"किती दिवसांचं काम आहे हे?"

"दोन हिवाळे लागतील," वर न बघता ती म्हणाली.

ओस्वाल्डनं हात लांबवला आणि सुईवर ठेवला.

"काहीतरी लहान घे, झेल्मा," तो म्हणाला. "आणि जरा भरभर वीण."