साफ आवाज

पुष्पाला लुकलुकत्या दिव्यांचा चकचकीत सेट हवा होता. तिच्या नवऱ्यानं, देवीदासनं मात्र नागपूरहून साध्या लाकडी डब्यांचे, पण आवाजाला अस्सल असे स्पीकर आणले. पांढुर्ण्याच्या घरी ते मांडले, तेव्हा ती म्हणाली, "संत्र्याच्या पेट्यांसारखे दिसून राहिले."

"दिसण्यावर नको जाऊ, ऐकून तर पाह्य," म्हणत त्यानं बहिणीच्या, इंदूच्या लग्नाची कॅसेट लावली. माहेरी आलेल्या इंदूला न्यायला तिचा नवरा सुखदेव सौसरहून आला होता. इंदू आत पिशवी भरत होती, म्हणून तोही ऐकायला बसला.

जुन्या टेपवर नुसता बँडचा गोंगाट यायचा. आज बँडच्या मागं दोन बायकांचं बोलणंही स्पष्ट ऐकू आलं.

"सुखदेवची पहिली बायको तापानं गेली, असंच सांगितलं ना पोरीवाल्यायले?"

"हो." हा आवाज सुखदेवच्या आईचा होता. "जळाल्याचं इथं नाव काढू नको."

देवीदासनं पुष्पाकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सुखदेव उठला आणि त्यानं शांतपणे बटन दाबलं.

 

"इंदूले आवाज द्या ना, दादा. बस निघून जाईन."