खेळाडूंअभावी बंद

दस्तगीरचाचांनी वाकडी करंगळी छापायला निघालेल्या पानावर दाबली. क्लबच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात त्यांच्या ब संघाच्या वाट्याला एकच ओळ आली होती: ‘१९८६ साली खेळाडूंअभावी बंद.’

“खेळाडूंअभावी? अकराच्या अकरा महिनाभर मैदानाच्या फाटकाशी उभे होतो आम्ही! त्याला कुलूप कुणी घातलं, ते लिही की.”

“चाचा, गाडलेली मढी कशाला उकरताय?” तरुण सेक्रेटरी कसंनुसं हसला.

त्या वर्षी उपांत्य सामन्यात समोर क्लबचाच अ संघ होता. ब संघ एका गोलानं पुढे गेला, तसा मध्यंतराला अध्यक्षांचा निरोप आला: गोलकीपरनं, म्हणजे चाचांनी, दोन गोल सोडावेत. शेवटच्या मिनिटाला अ संघाला पेनल्टी मिळाली. चाचांनी झेप घेतली. करंगळी मोडली, पण चेंडू काही आत गेला नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं.

“बरं, पण जागा एकाच ओळीची आहे,” सेक्रेटरीनं नाइलाजानं पेन उघडलं.

“मायंदाळ झाली,” चाचा खुर्ची ओढून ऐटीत बसले. “लिही. ‘१९८६ साली अ संघाला हरवल्याबद्दल बंद.’”